सोलापुरात संध्याकाळी फिरताना काय काय दिसतं? (आणि हा आवाज कुणाचा?)

मुरूम | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. डॉक्टरांनी वडिलांना रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. आमच्या घरी तेलुगू, त्यामुळे वडील म्हणजे नान्ना. सकाळी उठायला ते तयार नाहीत ("३१ वर्षं मिलच्या भोंग्यावर उठलो, आता नाही"), म्हणून संध्याकाळी निघतो. केगावच्या बाजूला राहतो आम्ही. वसाहत संपली की प्लॉट पाडलेला माळ आहे. हद्दीचे दगड रोवलेत, घरं अजून नाहीत. मधून बैलगाडीची जुनी वाट जाते. सव्वासहाला निघायचं, सातच्या पुढे परत.

पहिला आठवडा मी मोबाइल बघतच चाललो. मग एक दिवस तो घरी राहिला आणि कळलं की या माळावर आमच्याशिवाय बरीच मंडळी राहतात. टिटव्यांची एक जोडी आहे, ती आम्हाला रोज नव्याने चोर समजते. तारेवर वेडे राघू येतात, आणि ऊन उतरलं की एकमेकांना चिकटून बसतात, एसटीच्या बाकावर तिघांच्या जागेत पाच जण बसावेत तसे. मुंगूस दिसतं, एकदा ससा दिसला. नान्नांना प्रत्येक पक्ष्याचं एकच नाव माहीत आहे, ते म्हणजे 'पिट्टा'. तेलुगूत पिट्टा म्हणजे पक्षी. संपला विषय.

आता माझा प्रश्न. साधारण सातला, नीट अंधार पडला की जमिनीकडून एक आवाज येतो. फरशीवर वरून गोटी टाकली तर ती कशी आधी सावकाश आणि मग भराभर उड्या मारत थांबते, तसा. टक... टक.. टक. टकटक-टर्रर्र. मग थोडं थांबून पुन्हा. चार दिवस आवाजाच्या दिशेने गेलो. जवळ गेलं की बंद, आणि मग दुसरीकडून सुरू. गंमत म्हणजे नान्नांना तो ऐकूच येत नाही. मागावर काम केलेल्या माणसाचे कान, टिटवी तेवढी ऐकू येते. त्यांचं म्हणणं, माझ्याच कानाची तपासणी करून घ्यावी.

कुणाला माहीत आहे का? आणि तुम्हाला तुमच्या भागात काय दिसतं तेही लिहा.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ९:२२

यंत्रमाग असेल बे. सोलापुरात टकटक आवाज आला तर आधी टॉवेल आठवावा, पक्षी नंतर.

आसरा_चौक | सोमवार, रात्री ९:३५

आमच्या फेरीत दिसणारे वन्यजीव: कुत्री ११, घुशी ४, उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार अगणित.

पाणकणीस | सोमवार, रात्री १०:१५

मुरूम, वर्णन इतकं नेमकं केलंय की बहुतेक उत्तर त्यातच आहे. तो रातवा असावा. गोटी उडत थांबल्यासारखा आवाज ही आपल्याकडच्या साध्या रातव्याची खूण आहे. माळावर आणखी एक रातवा असतो, त्याचा आवाज मात्र एकेरी, चिरका, चाबूक ओढल्यासारखा. तुम्ही लिहिलेला तो नाही.

तो दिवसभर झुडपाखाली जमिनीला पोट टेकून बसतो. रंग असा की वाळलेलं पान, माती आणि शेणकूट यांची सरमिसळ. पावलाखाली येईपर्यंत हलत नाही. अंधार पडला की उडत उडत पतंग आणि भुंगे गिळतो. चोच इवलीशी, पण तोंड उघडलं की पार कानापर्यंत फाटलेलं, आणि कडेला राठ केस. आवाजामागे धावू नका, तो तुम्हाला फिरवत बसेल. बॅटरी कपाळाच्या उंचीवर धरा आणि वाटेवर सरळ लांब प्रकाश टाका. संध्याकाळी त्यांना मोकळ्या मातीच्या वाटेवर बसायची सवय असते. पक्षी दिसणार नाही, डोळा दिसेल. लालसर, निखाऱ्यासारखा.

मी कंबर तलावाजवळ राहते. (सरकारी नाव धर्मवीर संभाजी तलाव, पण रिक्षावाल्याला कंबर तलावच सांगावं लागतं.) जलपर्णी माजते तेव्हा चिडचिड होते, तरी संध्याकाळी काठावर अर्धा तास काढला तर टिबुकली, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या आणि हळदी-कुंकू बदकं दिसतात. वारकरीही असतात.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०:२१

वारकरी? तलावात? आषाढीला अजून वेळ आहे की ओ ताई.

पाणकणीस | सोमवार, रात्री १०:३०

पक्ष्याचं नाव आहे ते! अंग काळं कुळकुळीत, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. घोळक्याने असतात, म्हणून वारकरी. आणि हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके. ही नावं कुणी ठेवली कुणास ठाऊक, पण ठेवणाऱ्याच्या घरात देव्हारा होता एवढं नक्की.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०:३३

म्हणजे वारकरी कंबर तलावात आणि विठ्ठल सत्तर किलोमीटरवर. चालू द्या.

कडबा | मंगळवार, सकाळी ७:५०

रातवा वगैरे काही नाही. बेडूक आहे. माझं लहानपण बार्शी रोडला गेलं, असे आवाज शंभर वेळा ऐकलेत. आजकाल कुठलाही आवाज आला की पक्षी म्हणायची फॅशन झालीये.

निशाचर | मंगळवार, सकाळी ८:१५

कडबा, होळी होऊन गेली. कोरड्या मुरमाड माळावर आत्ता बेडूक कसला ओरडतोय? तो खाली ढेकळात झोपलाय, पहिला दणका पाऊस झाल्यावर उठेल.

मुरूम, मी साप पकडायला जातो, त्यामुळे माझा सल्ला पक्ष्यांबद्दलचा नाही. अंधारात त्या वाटेवर चपला घालून जाऊ नका. मुरमाड माळ म्हणजे फुरशाचं घर. वीतभर-हातभर जीव, दगडाच्या कपारीत असतं, आणि उन्हाळ्यात दिवस बुडाला की बाहेर पडतं. वेटोळं करून अंगाला अंग घासतं, तव्यावर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज येतो. तो ऐकू आला तर जागीच थांबा, प्रकाश टाकून बघा आणि मागे व्हा. घोटा झाकणारे बूट घाला. नान्नांनाही. चावलंच तर बांधाबांध, काप देणं, मंत्र यात वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना.

कडबा | मंगळवार, सकाळी ८:४०

मग रातकिडा असेल. पक्षी नाही.

मुरूम | मंगळवार, दुपारी १:०५

निशाचर, धन्यवाद, पण नान्नांना बूट म्हणजे लग्नातला विषय. आज विचारून बघतो.

होटगीकर | मंगळवार, दुपारी २:२०

आमच्याकडे घरी कन्नड, शेजारी तेलुगू, दुकानात मराठी. मोराला आम्ही नविलु म्हणतो, शेजारचे नेमली म्हणतात, आणि तो मोर आमच्या दोघांच्या तुरीत येतो. चिमणी आमची गुब्बी, त्यांची पिच्चुक. नान्नांना सांगा, पिट्टाच्या पुढे पिच्चुक तरी त्यांना नक्की येत असणार.

संध्याकाळचं म्हणाल तर आमच्या शेताच्या बांधावर जुनं कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे. दिवस मावळला की दोघं फांदीवर येऊन बसतात आणि भांडतात. अगदी भांडतातच, किर्र किर्र चिरव चिरव. आमची आजी म्हणायची, पिंगळा घरावर बसून बोलला की पाहुणा येतो. आजोबा म्हणायचे, अशुभ असतं. घरात पाहुणा आला की दोघांचंही खरं व्हायचं.

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी २:२५

शेवटच्या वाक्याला शंभरपैकी शंभर.

गोफण | मंगळवार, रात्री ८:४५

मोहोळ तालुक्यातून लिहितोय. शेतकरी आहे. शहरातले लोक हल्ली जानेवारीत गाड्या घेऊन येतात, माळावर उभे राहून भोरड्यांचा नाच बघतात, व्हिडिओ काढतात. काढा. पण तोच थवा दुपारी माझ्या ज्वारीत असतो, हे व्हिडिओत येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भोरडी म्हणजे पळसमैना. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. हजारोंनी येतात. कणसात दूध भरलं, हुरडा धरायला लागला की यांची पंगत बसते. एका ताटावर चार-पाच लोंबकळले की कणीस अर्धं. आम्ही पहाटे साडेसहापासून मचाणावर. गोफण, पत्र्याचा डबा, चमकणारी फीत, सगळं करून झालं. फितीला दोन दिवस भितात, तिसऱ्या दिवशी तिच्यावरच बसतात. माझी बायको म्हणते, तुमचा अर्धा जन्म त्यांच्यावर ओरडण्यात गेला आणि उरलेला माझ्यावर.

पाणकणीस | मंगळवार, रात्री ९:२५

गोफणदादा, तुमची तक्रार रास्त आहे. मचाणावर थंडीत बसणाऱ्याला 'निसर्गाचा चमत्कार बघा' म्हणण्याइतकी मी निर्लज्ज नाही. पण दुसरी बाजू सांगते. हाच पक्षी नाकतोडे आणि टोळ खातो, आणि तेही बेसुमार. मध्य आशियात घरटी करतो तेव्हा पिल्लांना मुख्यतः टोळच भरवतो. चीनच्या शिंच्यांग प्रांतात तर टोळांवर उपाय म्हणून भोरड्यांनी घरटी करावीत यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात. तिकडे आमंत्रण, इकडे गोफण. पक्षी तोच.

आपल्याकडे पावसाळा सरता सरता येतात, एप्रिलमध्ये परत जातात. त्याआधी पळस, पांगारा, सावर फुलली की त्या फुलांवर मध प्यायला गर्दी करतात. पळसमैना नाव त्यावरूनच.

गोफण | मंगळवार, रात्री ९:४०

चीनला सांगा, सगळे न्या. भाडं मी देतो.

(नाकतोडे खातात हे मान्य. सोयाबीन काढल्यावर रानात उतरतात तेव्हा तेच टिपत असतात, बघितलंय.)

दूरदेशी_सोलापूरकर | मंगळवार, रात्री ११:५०

मी आता इंग्लंडमध्ये. इथे संध्याकाळी कचऱ्याच्या डब्याशी लाल कोल्हा उभा असतो आणि आपल्याकडे असा बघतो की आपणच त्याच्या गल्लीत आलोय. सोलापूरला असताना कोल्हा फक्त गोष्टीत ऐकला होता.

भोरड्यांच्या नाचाबद्दल एक प्रश्न. एवढे हजार पक्षी वळतात आणि एकमेकांवर आपटत कसे नाहीत? आपण दोन माणसं दारात समोरासमोर आलो तरी डावीकडे-उजवीकडे नाचत बसतो.

पाणकणीस | बुधवार, सकाळी ६:५५

याच्यावर रोममध्ये अभ्यास झालाय, २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथे भोरड्यांची चुलत भावंडं संध्याकाळी शहरावर जमतात. अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फोटो काढून प्रत्येक पक्ष्याची जागा ठरवली. असं निघालं की प्रत्येक पक्षी सगळ्या थव्याकडे बघतच नाही, जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच लक्ष ठेवतो. ते वळले की हा वळतो, आणि वळण थव्यातून लाटेसारखं पुढे जातं. पुढारी कुणीच नसतो.

ससाणा आला की बघा. थवा एकदम घट्ट होतो, काळा गोळा. एकेकट्याला उचलणं सोपं, गोळ्यात घुसणं अवघड.

शेंगाचटणी | बुधवार, सकाळी ७:१०

सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवायचं, बाकीच्यांचं काय चाललंय बघायचं नाही. आमच्या वाड्यातल्या काकू यात कुठे बसतात?

आसरा_चौक | बुधवार, सकाळी ९:३०

पाणकणीसताई, तुमचं वाचून काल गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीला टेकून बसलो वीस मिनिटं. समोरच्या इमारतीच्या अँटेनावर कोतवाल, दिव्याभोवती पाकोळ्या, आणि साडेसहाच्या सुमारास मोठी वटवाघळं, एकामागून एक, सगळी एकाच दिशेला, घाई न करता. पंधरा मोजली, मग बायकोने चहाला हाक मारली. बारा वर्षं इथे राहतोय आणि डोक्यावरून रोज वरात जाते हे माहीत नव्हतं. पहिला प्रतिसाद मागे घेतो. घुशींचा सोडून.

मुरूम | बुधवार, रात्री ९:००

काल आणि आजचा वृत्तांत.

काल: बॅटरी कपाळाला बांधली. वाटेवर प्रकाश टाकला आणि अंगावर काटा आला. एक-दोन नव्हे, पन्नास-साठ डोळे! बारीक, हिरवट, दंवाच्या थेंबासारखे, सगळीकडे पसरलेले. मी नान्नांचा हात धरला. जवळ जाऊन वाकून बघितलं तर कोळी. नखाएवढे, मातीच्या रंगाचे. सगळे माझ्याकडे बघत होते.

आज: एकच डोळा, मोठा, चकचकीत. मी श्वास रोखून चाळीस पावलं दबकत गेलो. शेळी होती. दावं सुटलेली. नान्ना म्हणाले, "ही पिट्टा दूध देते का?"

आवाज मात्र दोन्ही दिवस येत होता. सव्वासातला सुरू, मी तिथेच.

निशाचर | बुधवार, रात्री ९:२०

ते लांडगा-कोळी. जाळं विणत नाहीत, जमिनीवर पळून शिकार करतात. बॅटरी कंबरेपाशी धरली असती तर एकही दिसला नसता, डोळ्याजवळ धरली म्हणून चमकले. म्हणजे पद्धत बरोबर आहे, चालू ठेवा.

बुटांचं काय झालं?

मुरूम | बुधवार, रात्री ९:२४

माझे जुने कॅनव्हासचे घातलेत. नाडी बांधत नाहीत, पण घातलेत.

कडबा | गुरुवार, सकाळी ८:००

शेळी निघाली ना? मी म्हणत होतो पक्षी नाही.

माळकरी | गुरुवार, दुपारी १२:४५

धागा उशिरा बघितला. या प्लॉटवाल्या माळाबद्दल थोडं लिहितो, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

सातबाऱ्यावर अशा जमिनीला 'पडीक' लिहिलेलं असतं आणि आपण ते खरं मानतो. झाड नाही म्हणजे काही नाही. मग कुणीतरी चांगल्या मनाने वृक्षारोपण करतं, आणि माळावरचे पक्षी जातात, कारण त्यांना झाड नकोच असतं. त्यांना गवत हवं, उघडी जमीन हवी, लांबवर दिसायला हवं. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तिथे गवताचे तुकडे राखले गेले, चराई थांबली, गवत वाढलं आणि माळढोक दिसू लागले. सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी ते जगापुढे आणलं, पाठपुरावा केला. १९७९ मध्ये अभयारण्य झालं. कागदावर ते ८४९६ चौरस किलोमीटर होतं. शेतं, गावं, रस्ते सगळं आत, त्यामुळे लोक वैतागले, आणि पुढे ते १२२२ वर आणलं. मधल्या काळात गवतात गिरिपुष्पाची झाडंही लावली गेली. आता तिथे एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते.

त्याला मारायला हल्ली बंदूक लागत नाही. नर पंधरा किलोपर्यंतचा, डोळे बाजूला, उडताना समोरची विजेची तार वेळेत दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं वजन चटकन वळत नाही. मादी अंडं घालते तेही एकच.

पण नान्नजला जाऊन माळढोक दिसला नाही म्हणून तोंड पाडून परत येणारे बघितले की राग येतो. अरे, पखुर्ड्या आहेत, धाविक आहे, चंडोल आहेत, काळवीट आहेत, हिवाळ्यात भोवत्ये (शिकारी पक्षी) गवतावरून तरंगत असतात, नशीब असेल तर लांडगा. माझ्यापुरतं सांगतो, एका संध्याकाळी बोरीच्या झुडपाखाली खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, बघितलं. मांजरापेक्षा जरा मोठं, शेपटीचं टोक काळं, जणू दौतीत बुडवलेलं. खाली पडलेली बोरं एक एक करून खात होतं. पिकलेलं बोर उचलायचं, कच्चं नाकाने बाजूला सारायचं. आमच्या आईसारखं. दहा मिनिटं. मग वाऱ्याची दिशा फिरली, त्याने मान वर केली आणि गेलं.

गोफण | गुरुवार, दुपारी १:३०

खोकड आमच्याकडेही आहे. ते असलं की उंदीर कमी, आम्ही हाकलत नाही. पण आता रस्त्यावरच्या ढाब्यांमुळे भटकी कुत्री माळावर आली. टोळीने खोकडाला पळवतात, ससे तर संपवलेच. काळविटाची पाडसंही सोडत नाहीत. लांडग्याला शिव्या घालतात सगळे, कुत्र्याला पोळी टाकतात.

आसरा_चौक | गुरुवार, दुपारी १:५५

कुत्र्यांवर बोलू नका, धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

साखरपेठी | गुरुवार, दुपारी ३:१०

पोळी टाकणाऱ्यांपैकी मी एक. गल्लीतल्या चार कुत्र्यांचं निर्बीजीकरण स्वखर्चाने केलंय, लसही दिलीय. प्रश्न माळावर सोडून येणाऱ्यांचा आहे, पोळीचा नाही. एवढंच बोलते आणि गप्प बसते.

गोफण | गुरुवार, दुपारी ३:२०

तुमच्यासारखे असतील तर भांडण नाही ताई.

होटगीकर | गुरुवार, संध्याकाळी ५:००

हिवाळ्यात एकदा हिप्परग्याला या संध्याकाळी. एकरुख तलाव, इंग्रजांनी आदिला नदीवर बांधलेला, १८७१ मध्ये पुरा झाला. दिवसभर पट्टकादंब हंस पाण्याकडेला आळसावून बसलेले असतात. दिवस बुडाला की उठतात आणि कर्र कर्र बोलत डोक्यावरून शेतांकडे जातात, रात्रभर हरभरा खायला. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे आणि जेवण आपल्या रानात.

शेंगाचटणी | गुरुवार, संध्याकाळी ५:०४

सगळेच खायलाच कसे येतात सोलापूरला? जेवण काय एवढं चांगलंय का? (आहे.)

मुरूम | शनिवार, रात्री ९:४५

सापडला.

कडबा, माफ करा, पक्षीच आहे.

पण मला नाही सापडला. शुक्रवारी मी आवाजाच्या नादात उजवीकडे बघत उभा होतो, बॅटरी कपाळावर. मान फिरवली तसा प्रकाश वाटेवर गेला. माझ्या शेजारी नान्ना. ते एकदम करवादले, "कोण रे, पेटती विडी टाकून गेलं? गवत पेटेल की!" वीस पावलांवर वाटेच्या मधोमध जमिनीलगत लाल ठिणगी होती. मलाही विडीच वाटली. ते तरातरा निघाले, चिरडायला. नाडी सुटलेला बूट फटक फटक वाजतोय. मी प्रकाश धरून मागेच. चार पावलं उरली, त्यांनी पाय उचलला, आणि विडी उडाली.

आवाज नाही. अजिबात नाही. जमिनीचाच तुकडा सुटल्यासारखा वर आला, पंखांच्या टोकांपाशी दोन पांढरे ठिपके लुकलुकले, आणि आमच्याभोवती एक गिरकी घेऊन पुढे दहा पावलांवर पुन्हा वाटेवरच बसला. बसला आणि दिसेनासा झाला. बॅटरी टाकली तर पुन्हा विडी.

नान्ना पाय तसाच उचलून उभे होते. मग म्हणाले, "पिट्टा." आणि बऱ्याच वेळाने, "हाच ओरडतो?" मी म्हटलं हो. म्हणाले, "कसा ओरडतो, करून दाखव." मी माळावर उभा राहून टक टक टकटक-टर्रर्र करून दाखवलं. दोनदा. एक दुचाकीवाला थांबून बघून गेला.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, असा आवाज धोटा अडकल्यावर मागाचा येतो.

शेंगाचटणी | शनिवार, रात्री ९:५२

मी पहिल्याच प्रतिसादात यंत्रमाग म्हणालो होतो. कृपया नोंद घ्यावी.

पाणकणीस | शनिवार, रात्री १०:०५

मुरूम, पंखांवरचे पांढरे ठिपके, म्हणजे रातवाच. अभिनंदन. नान्नांचंही, खरं तर त्यांचंच.

एक विनंती. हे दिवस त्यांच्या विणीचे. घरटं करत नाहीत, उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतात, फिकट गुलाबी-बदामी, वर डाग. दिवसा त्या भागात वाट सोडून चालू नका. आणि अंडी दिसलीच तर फोटो इथे टाकू नका, खूण म्हणून शेजारी दगडही ठेवू नका. दगड माणसांना कळतो आणि कावळ्यांनाही.

कडबा | रविवार, सकाळी ८:२०

आवाज तो पक्षीच काढत होता कशावरून? उडाला तेव्हा आवाज आला नाही असं स्वतःच लिहिलंय.

निशाचर | रविवार, सकाळी ८:३१

कडबा, तुम्ही एकदा जाच केगावला. बूट घालून.

मुरूम | बुधवार, रात्री ८:५०

ताई, तुमची विनंती उशिरा नाही, वेळेत आली. रविवारी सकाळी मी एकटाच गेलो होतो, वाटेकडेच्या एका प्लॉटच्या दगडापाशी वाळकं शेणकूट दिसलं. त्याला डोळा होता, अर्धा मिटलेला. मी तसाच मागे फिरलो. पोटाखाली काय आहे ते बघितलं नाही.

नान्नांना सांगितलं. तेव्हापासून आम्ही डांबरी रस्त्याने जातो. तिथे ट्रकची धूळ, हॉर्न, आणि रस्ता सपाट असल्यामुळे घाम येत नाही म्हणून ते रोज कुरकुरतात. म्हणतात, "त्या पिट्टापायी माझी शुगर वाढणार." पण वाटेच्या तोंडाशी आलो की थांबतात आणि मला विचारतात, "ओरडतोय का?" मी हो म्हटलं की पुढे निघतात.

होटगीकर | बुधवार, रात्री ९:१५

आणि नाही म्हटलं तर?

मुरूम | बुधवार, रात्री ९:१९

तर तिथेच उभे राहतात. काल साडेसातपर्यंत उभे होतो.

नवीन_सदस्य_जुळे | गुरुवार, सकाळी १०:४०

सगळा धागा वाचला, मस्त. कंबर तलावाशी संध्याकाळी चारचाकी कुठे लावता येते?